आणखी पन्नास फूट

भरमू आप्पांकडे लोक पाणी विचारायला येत. कोरडं विचारायला आलेलं पहिलं माणूस म्हणजे सौम्या.

निपाणीच्या आसपासच्या पंचवीस-तीस गावांत आप्पांच्या शब्दावर बोअरची गाडी उभी राही. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालत, आणि नारळ उभा राहिला की तिथं पायाच्या अंगठ्याने फुली मारत. पाणी लागलं तर नाव आप्पांचं. नाही लागलं तर दोष बोअरवाल्याचा, अमावस्येचा, नाहीतर घाबरून आधीच गाडी बंद करायला लावणाऱ्या शेतमालकाचा. चाळीस वर्षांत आप्पा एकदाही चुकले नव्हते, असं आप्पांचं म्हणणं होतं. आणि खेड्यात एखाद्याचं म्हणणं चाळीस वर्षं टिकलं की त्याला सहसा कुणी धक्का लावत नाही.

त्यामुळे बेळगावच्या ऑफिसातून आलेली ही मुलगी ओसरीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आप्पा, तुम्ही दाखवलेल्या ज्या जागांवर पाणी लागलं नाही, त्या जागा मला पाहिजेत," तेव्हा आप्पांच्या हातातली चुन्याची डबी उघडी ती उघडीच राहिली.

"तसल्या जागा न्हाईत," आप्पा म्हणाले.

"एकशे सात हाईत," आतून मालुबाई म्हणाल्या.

मालुबाई म्हणजे आप्पांची बायको. बोलत कमी, पण बोलल्या की आप्पांना दिवसभर पुरे. आज तर त्या नुसत्या बोलल्या नाहीत. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक फरफटत ओसरीवर आणून त्यांनी पाहुणीच्या पुढ्यात ठेवली आणि पदराने झाकणावरची धूळ पुसली.

त्या ट्रंकेला एक इतिहास होता. आप्पांना विद्या देताना त्यांच्या गुरूने अट घातली होती. जी बोअर कोरडी जाईल, तिच्या तळातून उडालेली चिमूटभर भुकटी घरी आणून ठेवायची. "पाणी लागलं तर ते लोकांचं, न्हाय लागलं तर ते तुझं," असं गुरू म्हणाले होते. चारचौघांत आप्पा कितीही फुशारक्या मारोत, गुरूचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. प्रत्येक कोरड्या बोअरीची भुकटी तंबाखूच्या कागदात बांधायची, वर शेतमालकाचं नाव आणि किती फूट ते लिहायचं, आणि कुणाला न दाखवता ट्रंकेत टाकायचं. चारचौघांतले आप्पा कधी चुकत नसत. ट्रंकेतले आप्पा एकशे सात वेळा चुकले होते.

सौम्याने झाकण उघडलं आणि तिचा चेहरा लग्नातल्या वरमाईसारखा फुलला. "आप्पा, हे सोनं आहे," ती म्हणाली.

"दगुड हाय त्यो," आप्पा कुरकुरले. असं कुणी आपल्या अपयशाकडे टक लावून बघितलेलं त्यांना आवडत नव्हतं, मग ते कितीही कौतुकाने का असेना.

मग सौम्याने समजावून सांगितलं. ती मूळची बेळगावातल्याच अनगोळची, दगडांचं शिक्षण घेतलेली. बेळगाव-निपाणी भागासाठी एक मोठा आराखडा चालला होता. बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीत लोखंड ओतणाऱ्या फौंड्र्या आहेत, त्यांच्या भट्ट्यांतून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. साखर कारखान्यांत मळी आंबवून स्पिरिट काढतात, तिथूनही निघतो, आणि तो तर अगदी स्वच्छ. हा वायू आभाळात सोडायच्या आधीच पकडायचा. थोडा सोडावॉटरवाल्यांना द्यायचा, थोडा आग विझवायच्या नळकांड्यांत भरायचा. पण असा खपून खपून किती खपणार? उरलेला पाण्यात मिसळून जमिनीत खोल, काळ्या पाषाणाखालच्या जाळीदार दगडात सोडायचा. तिथं काही वर्षांत त्याचाच दगड होतो.

"म्हंजे धुराचा दगुड?" मालुबाईंनी विचारलं.

"असंच समजा आक्का."

"मग माझ्या चुलीवरबी बसवा की एक. डोळं गेलं माझं."

अडचण होती ती जागेची. वर घट्ट झाकण पाहिजे, एक भेग नसलेला पाषाण. माणसांच्या पिण्याचं पाणी त्या जागी नको. आणि झाकणाखाली जाळीदार दगड पाहिजे. सरकारी दप्तरात पाणी लागलेल्या बोअरींची नोंद सापडत होती, कोरडीची नोंद करायला कोण जातो? नकाशावर निपाणीकडचा सगळा भाग पांढराफटक राहिला होता. महिनाअखेरीला नकाशा बंद होणार होता, आणि जागा नाही मिळाली तर हा भाग आराखड्यातून सुटणार होता.

"तुला माझ्याकडं कुणी धाडलं?" आप्पांनी विचारलं.

"महादेवदादांनी."

महादेव हा आप्पांचा मुलगा, उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर. तिथं परदेशातलं गिऱ्हाईक आता विचारायला लागलं होतं की तुमच्या एका कास्टिंगमागे धूर किती. धुराची सोय नसेल तर ऑर्डर दुसरीकडे. आप्पांनी मनातल्या मनात मुलाला दोन शिव्या दिल्या आणि पुड्या सोडायला घेतल्या. पोराच्या नोकरीचा प्रश्न आला की बापाच्या फुशारकीला जरा बाजूला सरकावंच लागतं.

दोन दिवस ओसरीवर पुड्यांचा बाजार मांडला होता. सौम्या भिंगातून बघे आणि कागदावर टिपून घेई. तिसऱ्या दिवशी तिने तीन पुड्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"हे जिनपाल कोण? माळावरच्या तीन बोअरी आहेत त्यांच्या. पहिल्या दोन्हींत चारशे फुटांवरही घट्ट काळाच पाषाण आहे. असं झाकण मला दुसरीकडं कुठं मिळालं नाही. पण तिसरी पुडी रिकामी आहे. सहाशे वीस फूट लिहिलंय, आत काहीच नाही."

"ती संपली," मालुबाई म्हणाल्या.

"संपली म्हणजे?"

"महादेवाच्या लग्नात त्या भुकटीनं तांब्याचा हंडा घासला मी. लई बारीक व्हती. काय लखलखला हंडा, म्हणून सांगू."

सौम्याने कपाळाला हात लावला. आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. जिनपालचं नाव निघालं तेव्हाच ते उठून गोठ्याकडे गेले होते. म्हैस रवंथ करत होती. तिच्याकडे बघत ते उगीचच उभे राहिले.

जिनपाल चौगुले. निपाणीपलीकडच्या गावातला तंबाखूवाला शेतकरी, जैन, आणि आप्पांचा शाळेपासूनचा जिवलग. दोघांची गावं नऊ किलोमीटरवर. आप्पा दर रविवारी सायकल मारत त्याच्याकडे जात, आणि तेही दिवस मावळायच्या आत, कारण त्या घरात सूर्यास्तानंतर ताट मांडत नाहीत. आप्पांनी दाखवली म्हणून जिनपालने माळावर एक बोअर मारली. कोरडी. मग दुसरी. कोरडी. तिसरीच्या वेळी अर्धं गाव बघायला जमलं. सहाशे वीस फुटांवर बोअरमधून कोरडी काळी भुकटी उडाली आणि आप्पांना पोटातून कळलं की इथं पाणी नाही, कधीच नव्हतं. जिनपालने हात वर करून गाडी थांबवली. लोक आप्पांना हसले. आणि त्या हसण्यात आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेले, "भित्रा हैस तू जिनपाल. आणखी पन्नास फूट गेला असतास तर पाणी व्हतं. आधीच थांबलास."

त्या दिवशी ते न जेवता परतले. त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत ते त्या रस्त्याला फिरकले नाहीत. पण चहाच्या गाड्यावर, बाजारात, लग्नात, विषय निघाला की तेच वाक्य: जिनपाल पन्नास फूट आधी थांबला. इतक्यांदा सांगितलं की कधीकधी त्यांना स्वतःलाही खरं वाटायचं. ट्रंक उघडली की मात्र वाटायचं नाही.

सौम्या दुसऱ्या दिवशी जिनपालकडे जाऊन आली. चाचणीची बोअर मारायला माळ द्यायला तो तयार होता. फक्त एक अट होती.

"ते म्हणाले, भरमूनं गावसभेत यावं आणि आपल्या तोंडानं सांगावं की माझ्या माळाला पाणी नव्हतं. मग मी माळ देतो."

आप्पा हसले. ते काही आनंदाचं हसू नव्हतं. "म्हंजे त्यानं गावासमोर माझं नाक कापायचं ठरवलंय."

"आप्पा, तुम्ही नाही आलात तरी मी तुमच्यावर रागावणार नाही," सौम्या म्हणाली. "पण दुसरी जागा मला अजून दिसत नाही, आणि महिना संपायला नऊ दिवस राहिलेत."

पुढचे काही दिवस आप्पांना जड गेले. गेलो तर चाळीस वर्षांचं नाव मातीत. पुढच्या उन्हाळ्यात कोण बोलावणार पाणी बघायला? नाही गेलो तर पोराच्या फौंड्रीच्या धुराला जागा नाही, आणि जिनपालचं दार कायमचं बंद. शेवटी त्यांनी नारळालाच विचारायचं ठरवलं. सकाळी अंघोळ करून नारळ तळहातावर ठेवला आणि डोळे मिटून विचारलं, जाऊ का नको. नारळाने इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. हातावरून घरंगळला, पायरीवर आपटला आणि गटारात गेला. मालुबाईंनी तो काढला, तीनदा धुतला आणि संध्याकाळी त्याची चटणी केली.

"काय म्हणाला नारळ?" त्यांनी वाढताना विचारलं.

"काय न्हाय म्हणाला."

"बराय. आता तुमचं तुमी ठरवा."

रविवारी दुपारी महादेवने आप्पांना मोटारसायकलवर मागे बसवलं. ओढ्यावर नवा पूल झाला होता, तो त्यांनी आज पहिल्यांदा बघितला. रस्ता बदलतो आणि आपल्याला पत्ता नसतो, हे त्यांना फार लागलं.

सभा शाळेच्या पटांगणात होती. सौम्या एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये सांगत होती आणि लोक दोन्हीकडे माना डोलावत होते. जिनपाल पुढच्या बाकावर बसला होता. केस सगळे पांढरे झाले होते, बाकी तोच. त्याने मागे वळून बघितलं नाही. तो उभा राहिला तो प्रश्न विचारायला.

"बाई, तुम्ही एवढा वायू खाली सोडणार. तिथं खाली जे बारीक बारीक जीव असतील, त्येंचं काय?"

पटांगणात जरा खसखस पिकली. सौम्या हसली नाही.

"अण्णा, मला माहीत नाही," ती म्हणाली. "तेवढ्या खोल जीव असतात, हे खरं आहे. त्यांचं किती बिघडेल ते मी विचारून, शोधून सांगते. आज उगाच काहीतरी ठोकून देणार नाही."

जिनपालने मान हलवली आणि तो खाली बसला. त्याला उत्तर पटलं होतं. पण त्या उत्तराने खरा हलला तो मागे उभा असलेला माणूस. नातीच्या वयाची पोरगी, शंभर माणसांपुढे, दिवसाउजेडी 'मला माहीत नाही' म्हणाली, आणि आभाळ कोसळलं नाही. तिला कुणी खाली बसवलं नाही. उलट लोक आता जास्त लक्ष देऊन ऐकत होते. चाळीस वर्षांत हे तीन शब्द आपण एकदाही उच्चारले नाहीत, हे आप्पांच्या ध्यानात आलं, आणि त्यांना स्वतःचीच कीव आली.

ते पुढे गेले. माइक कसा धरायचा हे माहीत नसल्यामुळे त्यांनी तो टाळासारखा दोन्ही हातांत धरला.

"मी भरमू. पाणाड्या. तुमी वळकताच. जिनपालच्या माळाला पाणी न्हवतं. त्यो भित्रा न्हाय, आन पन्नास फूट आधीबी थांबला न्हाय. काळी भुकटी उडाली तवाच मला कळलंतं. लोक हसलं म्हणून मी त्येच्यावर ढकललं. अकरा वरसं खोटं बोलत आलोय." मग, एकदा पोत्याचं तोंड सुटलं की धान्य थोडंच अडतं, "आन ही बोअर एकच न्हाय. अशा एकशे सात हाईत."

मग मागून यल्लाप्पा नावाचा शेतकरी उठला. "मग आप्पा, माझ्या मळ्यातली? तवा तुमी म्हणालता, अमावस्या आडवी आली."

"अमावस्येचा काय दोष न्हवता यल्लाप्पा. ती माझीच व्हती."

आधी एकजण हसला, मग दहा, मग सगळं पटांगण. आप्पांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की हे अकरा वर्षांपूर्वीचं हसणं नव्हे. यल्लाप्पा स्वतःच मांडीवर थाप मारून हसत होता. त्यांनी जिनपालकडे बघायचं धाडस केलं. बाक रिकामा होता. जिनपाल उठून फाटकाबाहेर चालला होता.

एवढं करूनही तो निघून गेला. माइक कुणाच्या तरी हातात देऊन ते खाली बसले, आणि सौम्या काहीतरी आभाराचं बोलत राहिली ते त्यांना ऐकू आलं नाही.

पाच-सात मिनिटांनी जिनपाल परत आला. चालून धाप लागली होती. तो सरळ आप्पांसमोर येऊन उभा राहिला आणि मूठ उघडली. मुठीत तंबाखूच्या कागदाची एक पुडी होती. कागद जुना होऊन पिवळा पडला होता. वर जिनपालच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'माळ, सातशे वीस फूट.'

"तिसरी तर सहाशे वीसला थांबली व्हती," आप्पा पुटपुटले.

"तू गेल्यावर आठ दिसांनी गाडी परत बोलावली," जिनपाल म्हणाला. "पन्नास फूट म्हणालतास न्हवं? पन्नास नेली. न्हाय लागलं. म्हटलं, भरमूचा अंदाज थोडा हुकला असंल. आणखी पन्नास नेली."

आप्पा पुडीवरचा आकडा पुन्हा वाचू लागले.

"पाणी लागलं असतं तर घागर भरून तुझ्या दारात आलो असतो. म्हणालो असतो, तू खरा, मी भित्रा. लागलं न्हाय. मग काय घेऊन येऊ रं? कोरडं हाय म्हणून सांगायला येऊ?"

"लोकांनी तुला अकरा वरसं भित्रा म्हटलं. एकदा तरी सांगायचं व्हतंस."

"सांगितलं असतं तर तू खोटा ठरला असतास. ते मी कसं सांगू? ते तुझं तूच सांगायला पायजे व्हतं." जिनपालने पुडी त्यांच्या हातात ठेवली. "पहिल्या दोन्ही बारीला तू चिमूट बांधून घेताना बघितलंतं मी. म्हटलं, हीबी त्याचीच हाय. आला की देऊ."

भरमू आप्पा रडले. लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. महादेव दुसरीकडे बघायला लागला आणि शाळेच्या भिंतीवरचे कन्नड अंक मोठं लक्ष देऊन वाचू लागला.

सौम्याला मात्र धीर निघत नव्हता. "आप्पा, तुमचं झालं की ती पुडी जरा इकडं," ती हळूच म्हणाली. पुडी सोडून तिने भुकटी हातरुमालावर ओतली आणि भिंग लावलं. काळ्या भुकटीत दगडाचे बारके तुकडे होते, छिद्राछिद्रांचे, आणि छिद्रांत पांढरे चकचकीत कण. तिने एकदा बघितलं, मग परत बघितलं.

"जाळीदार आहे," ती म्हणाली. "झाकणाच्या बरोबर खाली. आता चाचणीची बोअर मारून पक्कं करायला लागेल, पण नकाशावर ही जागा मी आजच लिहिते."

"म्हंजे पाणी न्हाय लागायचं?" यल्लाप्पाने मागून विचारलं.

"पिण्याचं लागू नये, अशीच प्रार्थना करा."

"मग आप्पांनाच जागा दाखवू दे," यल्लाप्पा म्हणाला, आणि पटांगण पुन्हा हसलं. या खेपेला आप्पाही हसले, डोळे पुसत. पुढच्या उन्हाळ्यात आपल्याला कोण बोलावणार, हा प्रश्न अजून तसाच होता. पण आज तो तितका मोठा वाटत नव्हता.

सौम्या संमतीचा कागद घेऊन आली. जिनपालने कागदाकडे बघितलं नाही. तो पश्चिमेकडे बघत होता.

"सही करतो. आधी जेवण. दिवस मावळायला अर्धा तास हाय, आन ताट मांडलंय." मग तो आप्पांकडे वळला. "चल."

दोघे फाटकातून बाहेर पडले. जिनपालचं घर चढावर होतं. आप्पांचा गुडघा आता पूर्वीचा राहिला नव्हता, आणि अकरा वर्षांत चढही वाढल्यासारखा वाटत होता. लिंबाच्या झाडापाशी ते थांबले आणि कमरेवर हात ठेवून दम घेऊ लागले. वर दारात दिवाबत्तीच्या आधीचा उजेड होता आणि जिनपालची सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

जिनपाल दोन पावलं पुढे गेला होता. तो मागे आला आणि त्याने आप्पांच्या काखेत हात घातला.

"आणखी पन्नास फूट हाय," तो म्हणाला. "आधीच थांबू नको."